डबीर सरांची बॅटरी कोण खातंय

विजेचा प्रवाह वाटेत हरवत नाही. तो कुठून तरी येतो आणि कुठे तरी जातोच, हे अविनाश डबीर सरांनी जबलपूरच्या पोरांना उभ्या नोकरीत शिकवलं. ते राहत त्या घमापूर वस्तीतल्या निम्म्या लोकांनी हे वाक्य बाकावर उभं राहून पाठ केलेलं. त्यामुळे सर निवृत्त झाले आणि त्यांच्याच अंगणात, त्यांच्याच गाडीतून वीज नाहीशी होऊ लागली, आणि ती जाते कुठे हे सरांनाच सांगता येईना, तेव्हा गल्लीला झालेला आनंद लपवणं गल्लीला फार जड गेलं.

"सर जी, करंट मिला क्या?" दूधवाला रोज सकाळी विचारी. दूध मापताना विचारी, म्हणून सरांना उत्तर टाळून आत जाताही येत नसे.

गाडी तशी जुनी. पण सर तिला जुनी म्हणत नसत, 'टॉप मॉडेल' म्हणत. रायपूरला बदली झालेल्या एका बँक मॅनेजराकडून त्यांनी ती घेतली होती. "यात सगळं आहे," असं सर पाहुण्यांना सांगत. सगळं म्हणजे काय, हे त्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं, कारण माहितीपुस्तिका मॅनेजरांच्या सामानात चुकून रायपूरला गेली होती. फिरून आल्यावर सर गाडीवर लगेच जाड खाकी आवरण चढवत, चारही कोपऱ्यांच्या नाड्या बांधत, आणि आजाऱ्याला पांघरूण घालून यावं तसे पाऊल न वाजवता घरात येत.

गाडी शिकले तेच मुळी निवृत्तीनंतर. लायसन्सच्या परीक्षेत सर दोनदा नापास झाले. ही गोष्ट घरात बोलली जात नसे, पण ती देवाला माहीत होती, कारण सुनेत्राबाईंनी ती नर्मदामाईच्या कानावर घातली होती. सुनेत्राबाई म्हणजे सरांच्या पत्नी. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, पौर्णिमा असे त्यांचे वार आणि तिथी भरलेल्या असत. उरलेल्या दिवशी त्या जेवत. आवाज इतका हळू, की नवऱ्याला ऐकू गेलं नाही तरी त्यांची तक्रार नसे. जिथे ऐकू जायला हवं तिथे जातं, एवढं त्यांना पुरे होतं. "यांचं लायसन्स होऊ दे," त्या ग्वारीघाटावर म्हणाल्या होत्या, "आमच्या गाडीनं, पौर्णिमेला, आम्ही दोघं येऊन तुला नारळ देऊ."

माईने आपलं काम केलं. सर पास झाले, गाडी आली, पूजा झाली, आणि पूजेचा नारळ लाल खणात गुंडाळून गाडीच्या समोरच्या कप्प्यात बसला. तो पौर्णिमेला घाटावर जायचा होता. तोवर तो कप्पा देवाचा. सरांनी आपले कागदपत्र मुकाट्याने डोक्यावरच्या, ऊन अडवायच्या झडपेत खोचले.

पण आता सरांनी आपलं काम करायचं होतं, आणि तिथे घोडं अडलं. आषाढी पौर्णिमेला सकाळी आवरण काढलं, किल्ली फिरवली, आणि गाडीने दाताखाली खडा आल्यासारखा एक आवाज काढून डोळे मिटले. सुनेत्राबाई रिक्षाने गेल्या. रिक्षा नवसात बसत नव्हती, म्हणून नुसतं स्नान केलं, हात जोडले, आणि "पुढच्या पौर्णिमेला" असं सांगून आल्या. पुढच्या पौर्णिमेला तेच. त्याच्या पुढच्याही. कोजागिरीच्या सकाळी तर सर इतका वेळ किल्ली फिरवत बसले, की शेजारच्या दिवाकररावांनी भिंतीवरून डोकं काढलं.

"काहून सर? आजही रुसली का?"

दिवाकरराव घाटे ट्रकच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. कारखान्यात ते हिशेब खात्यात होते. पण चाळीस पावलांवर ट्रक तयार होत असताना माणसाला वाहनातलं कळायचं राहील कसं, असं त्यांचं म्हणणं. "थंडी," ते म्हणाले. "थंडीनं बॅटरी आखडते."

"आश्विन महिना आहे, दिवाकरराव. मी बनियनवर उभा आहे."

"तुम्हाला लागून नाही राहिली. तिला लागून राहिली असंल."

दिवाकररावांच्या पत्नी शैलजाबाई यांचं निदान वेगळं होतं. "अहो, दृष्ट आहे ही. टॉप मॉडेल, टॉप मॉडेल करून राहिले तुम्ही चारचौघांत!" त्यांनी स्वतःच्या हाताने पुढच्या बंपरला लिंबू-मिरच्या बांधल्या. सरांनी भौतिकशास्त्राची आठवण ठेवून विरोध केला आणि शेजारधर्माची आठवण ठेवून तो मागे घेतला.

शेवटी ओमती बाजारातून लखन भैयाला बोलावलं. लखन भैया गाड्यांच्या वायरिंगचं काम करी आणि एकेकाळी सरांच्या वर्गात होता. सरांना हे आठवत नव्हतं. त्याला चांगलंच आठवत होतं. तोंडात गुटखा आणि पायात चपला घेऊन तो गाडीत बसणार, हे दिसताच सुनेत्राबाई लगबगीने पुढे झाल्या. त्यांनी कप्प्यातला नारळ काढून पदराखाली घेतला, कप्पा लावला आणि नारळ देवघरात नेऊन ठेवला. देवाच्या वस्तूजवळ उष्ट्या तोंडाने कोणी बसू नये, एवढंच.

लखन भैयाने बॅटरी चार्ज केली, तारेच्या मध्ये मीटर जोडला आणि बराच वेळ आकड्याकडे बघत राहिला. सर त्याच्या खांद्यावरून बघत होते.

"सर, गाड़ी बंद है और करंट ना के बराबर जा रहा है. जितना घड़ी को चाहिए, बस उतना."

"नीट बघ. फ्यूज एकेक काढून बघ. कुठे तरी जात असणार. प्रवाह हरवत नाही."

"मालूम है सर," लखन भैया म्हणाला. "बेंच पे खड़े होके याद किया था."

त्याने एकेक फ्यूज काढला, एकेक लावला. आकडा ढिम्म हलला नाही. गाडी आदर्श विद्यार्थिनीसारखी वागत होती. तो गेला, सुनेत्राबाईंनी हात-पाय धुऊन नारळ परत कप्प्यात ठेवला, वर जरा दाब देऊन झाकण लावलं. सरांनी आवरण चढवलं. आणि कार्तिकी पौर्णिमेला गाडी पुन्हा मेलेली.

मग सुरू झाली ती वेगळीच यात्रा. बॅटरीच्या दुकानदाराने सांगितलं, बॅटरी निर्दोष आहे, गाडीतच खोट आहे. तसं गाडीवाल्यांकडून लिहून आणा, मग बघू. गाडी दुरुस्तीच्या मोठ्या केंद्रात सांगितलं, गाडी निर्दोष आहे, बॅटरीतच खोट आहे. तसं दुकानदाराकडून लिहून आणा. सर दोघांच्या मध्ये इतक्या वेळा गेले, की दोन्हीकडे त्यांना न विचारता चहा येऊ लागला. शेवटी केंद्राने गाडीच ठेवून घेतली. परक्या माणसांत नारळ कशाला, म्हणून तो अर्थातच देवघरात राहिला. गाडी तिथे आठवडाभर होती आणि रोज सकाळी पहिल्या झटक्याला सुरू होत होती. परत देताना तिथल्या साहेबांनी सरांना बाजूला घेतलं आणि डॉक्टरांच्या सुरात विचारलं, "घर में इसको कोई तकलीफ है क्या?"

हे वाक्य सरांनी घरी सांगायला नको होतं. दिवाकररावांनी ते गल्लीभर नेलं. "गाडी घरीच उदास होऊन राहिली, बाप्पा. बाहेर एकदम खूश."

मुलगा अथर्व पुण्याहून फोनवर बोलला. त्याचं मराठी पुण्यात जाऊनही जबलपूरचंच राहिलेलं. "बाबा, छोडो ना. विकून टाका. कॅब बोलवत जा. टेन्शन काहून घेऊन राहिले?"

सरांना टेन्शनचं काही नव्हतं. पण सगळ्यांना वाटत होतं की खोट गाडीत नाही, सरांमध्ये आहे. दोनदा नापास झालेल्या माणसाची गाडी आणखी काय करणार. हे कोणी बोलत नव्हतं, आणि न बोललेलं सरांना जास्त ऐकू येत होतं. त्यातच दिवाकरराव ओट्यावर बसून म्हणाले, "माझ्या साळ्याला पाहिजे आहे हो एक गाडी. शहपुऱ्याला शेतावर जायला. जुनी चालते त्याला."

"जुनी" हा शब्द लागला. सर उभे राहिले. "येत्या पौर्णिमेला ही सुरू झाली नाही ना, तर त्याच दिवशी साळ्याला घेऊन जा म्हणावं! मी शब्द देतो!"

आत स्वयंपाकघरात सुनेत्राबाईंच्या हातातली पळी थांबली. गाडी गेली तर 'आमच्या गाडीनं' हे गेलं. आणि माईला तर सांगून ठेवलेलं. त्या रात्री त्या नेहमीपेक्षाही हळू बोलल्या, म्हणजे बोलल्याच नाहीत.

मार्गशीर्ष पौर्णिमा. दत्तजयंती. तिच्या आदल्या दिवशी दुपारी सर अंगणात एकटे उभे होते. लखन भैयाचं दुकान बंद, तो कटनीला गेलेला. मीटर नाही, मदतनीस नाही. उरलं होतं ते फक्त भौतिकशास्त्र. सरांनी विचार केला: आजवर गाडी तपासली ती दुसऱ्यांनी, दारं उघडी टाकून, लोकांच्या घोळक्यात. बंद, झाकलेल्या, एकट्या गाडीत काय चालतं हे कोणी पाहिलंय? ज्या स्थितीत चोरी होते, त्याच स्थितीत पहारा हवा.

हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून त्यांनी सांगितलं नाही. एका बाजूच्या नाड्या सोडून ते आवरणाखाली शिरले, दार जेमतेम उघडून आत सरकले, आणि दार ओढून बसून राहिले.

आवरणाखाली भर दुपारी गच्च अंधार होता. आणि वास येत होता. सरांनी नाक वर केलं. खोबऱ्याचा वास, किसून तव्यावर टाकल्यासारखा, खमंग. हा वास त्यांना पूर्वीही आला होता आणि त्यांनी तो सुनेत्राबाईंच्या केसांच्या तेलाचा समजून सोडून दिला होता. पण आज सुनेत्राबाई गाडीत नव्हत्या. डोळे अंधाराला सरावले. आणि समोर, देवाच्या कप्प्याच्या वरच्या कडेला, सरांना एक बारीक, पिवळसर, मरगळलेली रेघ दिसली.

उजेडाची.

बाहेर त्याच वेळी शैलजाबाई वाळत घातलेले कपडे काढायला आल्या होत्या. त्यांना आवरणाखाली गाडी हलताना दिसली. "अहो! आत कोणी आहे!" दिवाकरराव काठी घेऊन भिंतीपाशी आले. "कौन है बे? बाहर निकल!"

"मी आहे!" आवरणाच्या आतून आवाज आला.

"मी कोण?"

मग खोल, दुखावलेल्या आवाजात: "डबीर."

आवाज ऐकून सुनेत्राबाई पदराला हात पुसत आल्या. आवरण एका बाजूने उचललं, तर सर चालकाच्या जागेवरून बाजूच्या आसनावर आडवे होऊन कप्प्याच्या फटीला डोळा लावून बसलेले. "सुनेत्रा," ते म्हणाले, "हा दिवा कसला?"

"कप्प्यातला?" सुनेत्राबाई म्हणाल्या. "तो असतो की. झाकण उघडलं की लागतो. फ्रिजसारखा."

"आणि लावल्यावर?"

"लावल्यावर विझतो. फ्रिजसारखा."

"फ्रिजमध्ये बसून पाहिलंयस कधी?" सर म्हणाले.

त्यांनी कप्पा उघडला. नारळ आत उभा होता. शेंडी वर, खण भोवती, डोक्यावर बोटाएवढा दिवा. शेंडी झाकणात अडकत होती. झाकण लागल्यासारखं दिसे, पण शेवटचं सूतभर लागत नसे, आणि तेवढ्यावरच दिव्याचं बटण होतं. दिव्याजवळची करवंटी हाताला कोमट लागली. टॉप मॉडेलमध्ये सगळं होतं, त्यात हाही होता. सरांच्या डोळ्यांपुढून सगळे महिने सरकले. लखन भैया आला तेव्हा नारळ देवघरात. केंद्रात गाडी होती तेव्हा नारळ देवघरात. आणि पौर्णिमेची वाट पाहत गाडी उभी असे तेव्हा नारळ आत, दिवा चालू, वर आवरण. नारळ घाटावर जायचा म्हणून गाडीत, आणि नारळ गाडीत म्हणून गाडी घाटावर जात नाही.

सर बाहेर आले, ताठ उभे राहिले. इतक्या महिन्यांच्या अपमानाला आता एक पत्ता मिळाला होता. त्यांनी बोलायला तोंड उघडलं.

सुनेत्राबाईंनी नारळासमोर हात जोडले होते. त्यांचे डोळे भरले होते.

"म्हणजे इतके महिने," त्या म्हणाल्या, "याच्यापुढे दिवा तेवत होता? रात्रंदिवस? आणि मला वाटायचं, बिचारा अंधारात बसलाय."

सरांनी तोंड मिटलं. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांना एवढं कळलं होतं, की नंदादीपाला 'गळती' म्हणायची एक वेळ असते आणि ती ही नव्हे.

भिंतीपलीकडून दिवाकरराव विचारत होते, "काय सापडलं हो?"

"लोड होता," सर म्हणाले. "सूक्ष्म."

नारळ त्या रात्री देवघरात राहिला. पण दिव्याने पिऊन टाकलेली बॅटरी काही उपासाने भरत नाही. सकाळी किल्ली फिरवली तर गाडीने तोच खडा चावला. सुनेत्राबाई नऊवारी नेसून, मांडीवर नारळ घेऊन बाजूला बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. न पाहण्यात त्यांची दया होती. ओट्यावर दिवाकरराव, आणि त्यांच्या शेजारी स्वेटर घालून शहपुऱ्याचा साळा. तो लवकरच आला होता.

सरांनी काच खाली केली. जे वाक्य त्यांनी आषाढापासून गिळलं होतं ते आता बाहेर काढावं लागलं. "दिवाकरराव... जरा धक्का देता का?"

दिवाकरराव क्षणभर साळ्याकडे, क्षणभर सुनेत्राबाईंच्या मांडीवरच्या लाल खणाकडे बघत राहिले. मग त्यांनी धोतराचा काचा खोचला. "ए, ऊठ," ते साळ्याला म्हणाले. "बसून काय राहिला? लाव हात!" शैलजाबाई आल्या. दूधवाला किटली ठेवून आला. गल्लीला रस्त्यापर्यंत उतार होता. "नर्मदे हर!" दिवाकररावांनी आरोळी ठोकली आणि गाडी लिंबू-मिरच्यांसकट घरंगळत निघाली. सरांनी गियर टाकला, क्लच सोडला. गाडी दोन गचके देऊन खोकली, आणि मग धडधडत, धूर सोडत, जिवंत झाली.

"इंजिन बंद नका करू!" मागून दिवाकरराव ओरडले. "घरी येईपर्यंत बंद नका करू, सर!"

ग्वारीघाटापर्यंत सरांनी ही आज्ञा पाळली. सिग्नलला ते इंजिनाचा आवाज नाडी पाहावी तसा ऐकत होते. घाटाजवळ झाडाखाली जागा मिळाली. गाडी उभी राहिली, थरथरत.

सुनेत्राबाई नारळ सावरून उतरल्या. "तुम्ही बसा," त्या म्हणाल्या. "मी ठेवून येते."

"दोघांनी द्यायचा होता ना?"

"माई समजून घेईल."

त्या निघाल्या. सर स्टिअरिंग धरून बसले. इंजिन बंद केलं आणि परत सुरू झालं नाही, तर गाडी दोरीने ओढत घमापुरात येणार, गल्ली बघणार, ओट्यावर साळा बसलेला. हे सगळं त्यांना स्वच्छ दिसत होतं. आणि पायऱ्यांवरून एक लाल खण हळूहळू खाली जाताना दिसत होता, एकटाच. आषाढापासून दर पौर्णिमेला सुनेत्राबाई या पायऱ्या अशाच एकट्या उतरल्या होत्या, रिक्षाने येऊन.

सरांनी किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. किती शांत वाटतं ते, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"सुनेत्रा! थांब," ते पायऱ्यांवरून ओरडले. "चप्पल काढतो."

दोघांनी मिळून नारळ पाण्यात सोडला. तो एकदा बुडाला, वर आला, आणि कोवळ्या उन्हात डुलत निघाला. सुनेत्राबाईंनी बराच वेळ हात जोडले. सरांनीही जोडले, त्यांची मागणी थोडी तांत्रिक होती.

परत येऊन सर गाडीत बसले, किल्लीला हात लावला आणि अगदी ओठांच्या आत म्हणाले, "नर्मदे हर." गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. सरांनी दचकून बाजूला पाहिलं. सुनेत्राबाई खिडकीबाहेर बघत होत्या. आयुष्यभर हळू बोलणाऱ्या बाईला हळू बोललेलं ऐकू येतं, हे सरांच्या लक्षात आलं नाही.

गल्लीत शिरताना सरांनी विनाकारण दोनदा हॉर्न वाजवला. साळा ओट्यावरून उठला. दिवाकरराव पुढे आले. "आली खरी, सर. पण धक्क्यानं चालू झाली होती. ती धरायची का?"

सर काही बोलणार, तोच गाडीतून हळू आवाज आला. "धक्का तुम्हीच दिलात ना, भाऊजी?"

दिवाकररावांनी साळ्याकडे पाहिलं. साळा पुन्हा खाली बसला आणि त्याने चहा मागितला.

घाटावरच्या गुरुजींनी प्रसादाचा नारळ दिला होता. "माई का प्रसाद है, गाड़ी में रखिएगा," असं सांगून. सुनेत्राबाई तो मांडीवर घेऊन कप्प्याकडे बघत बसल्या होत्या, विचारत नव्हत्या. सरांनी हातरुमाल काढला, वाकून कप्प्यातला तो बोटाएवढा दिवा चिमटीत धरून फिरवला, उपसला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. मग नारळ आत बसवला आणि झाकण लावलं. शेंडी अडली. अडू दे.

"याचं काय करू?" सुनेत्राबाईंनी विचारलं.

"टाकून दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर अंघोळ करून देवघरापाशी उभे राहिले. अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण यांच्या मध्ये, छोट्या चांदीच्या वाटीत, तो दिवा बसला होता. त्याला हळद-कुंकू लावलं होतं आणि वर एक शेवंतीचं फूल होतं. सरांनी मागे वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं. प्रवाहाबद्दल, भाराबद्दल, निकामी बल्बबद्दल बरंच काही त्यांना म्हणता आलं असतं.

फूल जरा कलंडलं होतं. सरांनी ते नीट बसवलं आणि दूध घ्यायला गेले.